उसातली मोकळी जागा

आमच्या गावात पोरं नीट बोलायला लागायच्या आधी त्यांना रेल्वेला कान द्यायला शिकवतात. गाव कोल्हापूर-मिरज लायनीला चिकटून आहे. घरं रुळाच्या अलीकडं, निम्मी शेती पलीकडं. मधून रुळाला आडवी जाणारी एक पायवाट आहे. ती सरकारच्या कुठल्या नकाशात नसेल, पण गावातल्या प्रत्येकाच्या पायाला ठाऊक आहे. वाटेच्या दोन्ही अंगाला रुळापर्यंत भावकीचा ऊस, पुरुषभर उंच. त्यात उभं राहून डावीकडं-उजवीकडं बघायचं म्हटलं तरी पाल्याशिवाय काय दिसणार? म्हणून कान. वाटेच्या तोंडाशी थांबायचं, श्वास धरायचा आणि ऐकायचं. डिझेलचं इंजिन म्हशीसारखं लांबूनच रेकत यायचं. माझ्या मांडणीवरची ताटं त्याच्याही आधी थरथरायची. आवाज आला की थांब, नाही आला की चल. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी चुलीपाशी न्यायच्या आधी मला त्या वाटेवर नेऊन हे शिकवलं. मी ते माझ्या लेकीला शिकवलं. गावातली सगळी पोरं तशीच मोठी झाली आणि हातीपायी धड राहिली.

मग लायनीवर विजेच्या तारा आल्या. गावाला आनंद झाला. धूर गेला, धडधड गेली, दुपारची झोप मोडत नाही म्हणून पारावरच्या म्हाताऱ्यांनी कौतुक केलं. माझी ताटं मांडणीवर गप्प बसायला लागली. मलाही बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. शिलाईच्या मशीनवर बसलेलं असताना गाडी कधी गेली ते कळायचंसुद्धा नाही.

गावाजवळचं रेल्वे फाटक कायमचं बंद करून रुळाखालून बोगदा काढला होता, ते खरं. पण पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं, उन्हाळ्यात चिखल वाळून ढेकळं होतात, आणि तो आमच्या घरापासून लांब पडतो. पायवाट समोर असताना बोगद्यातून जाणारा माणूस आमच्याकडं शहाणा नाही, रिकामटेकडा समजतात.

आमच्या म्हशी पलीकडं गोठ्यात असतात. संध्याकाळी आमचे हे धार काढायचे आणि लेक दुधाची किटली घेऊन घरी यायची. तेरा वर्षांची होती. खो-खोत पळायला पुढं, कामाला मागं, उलट बोलायला सगळ्यांत पुढं. ते माझ्यावर गेलंय.

तो उसाच्या हंगामाचा दिवस होता. पलीकडच्या शेतरस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रेलर भरून उभा होता आणि त्यावर मोठ्या कर्ण्यांतून गाणी चालू होती. आमच्याकडं ट्रॅक्टरवाल्या पोरांना बायकोपेक्षा साउंड प्यारा. आणि भोंगे तर त्यांनी असे बसवून घेतलेत की रेल्वेनं लाजावं. लेक वाटेच्या तोंडाशी थांबली. तिनं कान दिला. हे तिनं मला नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, जणू मी तिच्यावर आळ घेणार होते. "आई, मी थांबलोतो. भोंगा ऐकू आला, पण मला वाटलं ट्रॅक्टरचा हाय." आमच्याकडं पोरीही थांबलो, आलो, गेलो असंच बोलतात. ती रुळावर गेली, तेव्हा उसाच्या आडून इंजिन आलं. तिनं उडी घेतली. सगळी पार झाली, पण खडीवर पाय घसरला आणि डावं पाऊल मागं राहिलं.

मी मशीनवर होते. मला काही ऐकू आलं नाही. ताटं हलली नाहीत. याचा मला आजही राग येतो. कुणाचा, ते सांगता येत नाही, पण येतो.

कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्याच्या खालून पाय काढला. त्या वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर जयसिंगपूरकडचा एक कॉलेजचा पोरगा होता. स्टेशनात उभ्या मालगाडीच्या डब्यावर फोटो काढायला चढला होता. तारेला त्यानं हात लावला नव्हता, नुसता तारेजवळ हात वर केला होता, तेवढ्यानं विजेनं त्याला ओढून घेतलं. त्याची आई जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारी. संध्याकाळ व्हायला लागली की ती डबा उघडायची, एक घास हातात धरून बसायची आणि अंधार पडला की तो घास तसाच डब्यात ठेवायची. आम्ही दोघी फारसं बोललो नाही. ती एकदाच म्हणाली, "मेलेल्या तारेत अन् जित्त्या तारेत फरक दिसत न्हाय वो, ताई." त्या पोराला पुढं पुण्याला नेलं. त्याचं काय झालं ते मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मला भीती वाटत होती.

ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या एका माणसानं आमच्या ह्यांना बाहेर बोलावलं. मी दारातून बघत होते. त्यानं पांढऱ्या कापडात बांधलेलं एक गाठोडं यांच्या हातात दिलं. "पावणं, ह्ये तुमचं तुमी न्या," असं काहीतरी म्हणाला. यांनी ते दोन्ही हातांवर घेतलं. लेक जन्मली तेव्हा नर्सनं तिला अशीच यांच्या हातांवर ठेवली होती आणि हे असेच अवघडून उभे राहिले होते. ते मला त्या क्षणी आठवलं.

आमचे हे ते गाठोडं घेऊन गावाकडं गेले. संध्याकाळी परत आले ते हात धुऊन. "काय केलंसा?" मी विचारलं. "केलं ते केलं," म्हणाले.

माझा स्वभाव तोंडाळ आहे. यांना बोलायला लावणं म्हणजे दगडातून पाणी काढणं. आमचं लग्न त्यावरच टिकलंय असं लोक म्हणतात. पण त्या वेळी मीही जास्त खोदलं नाही. एवढं कळलं की स्मशानात नेलेलं नाही. माणूस जिवंत असताना त्याचं काही स्मशानात न्यायचं नसतं असं भावकीतल्या एका थोरल्या म्हाताऱ्यानं यांना सांगितलं होतं. दुकानातून मिठाची पिशवी नेली होती, तेही मला नंतर दुकानदारीणबाईनंच सांगितलं. लहान पोर पुरताना खड्ड्यात मीठ घालतात. म्हणजे कुठंतरी पुरला होता. कुठं, ते कळेना.

घरी आल्यावर माणसं भेटायला यायला लागली. बिस्किटांचा पुडा ठेवायचा आणि शहाणपण सांगायचं. एकजण म्हणाली, हातात मोबाईल असंल. माझ्या पोरीकडं मोबाईलच नव्हता. एक पाहुणा म्हणाला, दोन्ही बाजूला बघून जायला नको का? मी त्याला म्हटलं, "बघा की जाऊन. उसात उभं राहून काय दिसतं ते मला पण येऊन सांगा." तो परत आला नाही. बरं झालं, चहा वाचला.

आणि मग ते सुरू झालं. एका दुपारी लेक कण्हली, "आई, टाचेला मुंग्या चावायल्यात." मी पटकन चादर वर केली. टाच नव्हती. पट्टी होती, आणि पट्टीच्या पुढं गादी. "कुठल्या टाचेला गं?" "डाव्या." मी काय करू? मी त्या रिकाम्या गादीवर नखांनी खाजवलं. तिला बरं वाटलं. ती झोपली आणि मी तिथंच गादीवर हात ठेवून बसले. आयुष्यात इतकी घाबरले नव्हते.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. पाय गेला तरी मेंदूला ते लगेच पटत नाही, तो जुन्या जागेवरून निरोप घेतच राहतो. हळूहळू कमी होईल. मला ते पटलं. बारावी शिकलेली बाई आहे, न पटायला काय झालं? पण शेजारीण हळूच म्हणाली, "कसा ठेवलाय ते बघा एकदा. वाकडा ठेवला असंल. मुंग्यांच्या वारुळावर ठेवला असंल." तिला मी हाकललं. हाकललं खरं, पण ते बोलणं घरातच राहिलं. लेक म्हणायची पाय गार पडलाय, की मला वाटायचं, आज शेताला पाणी होतं काय? ती म्हणायची अंगठा वळलाय, की माझ्या डोळ्यांपुढं माती यायची. डॉक्टरांचं ऐकायचे दिवसा आणि शेजारणीचं ऐकायचे दिवेलागणीला, असं माझं चाललं होतं.

लेकीनंही ते ऐकलं असणार. तिचे कान फार तिखट, ते तर आम्हीच केलेले.

जखम भरली. माप घेऊन नवा पाय तयार झाला. चामड्याचे पट्टे, रबराचं पाऊल, त्याला कोरलेली बोटं, रंग जवळजवळ तिच्या कातडीचा. बसवणाऱ्या माणसांनी सांगितलं, वेळेत घालून सराव केला तर पोर नुसती चालणार नाही, पळेल. उशीर केला तर गुडघा आखडेल, मग अवघड. मी शाळेच्या ड्रेसच्या सलवारी पुन्हा उसवल्या. अपघातानंतर त्यांचा डावा पाय मीच दुमडून वर शिवला होता, तो परत सरळ केला. उसवताना इतका आनंद मला कुठल्या शिवणात झाला नव्हता.

लेकीनं तो पाय बघितला आणि बाजूला सारला. म्हणाली, "पहिला कुठं हाय ते सांगा. मग दुसरा घालतो."

आम्ही समजावलं, रागावलो, लालूच दाखवली. वाडीला जाऊन दत्तापुढं डोकं टेकून आलो. खो-खोच्या बाईही घरी येऊन सांगून गेल्या. पोरगी ढिम्म. नवा पाय कपाटात कापड गुंडाळून उभा राहिला. कपडे काढायला कपाट उघडलं की मी हाताला येईल तो कपडा ओढून दार लावायचे. आणि तिचा गुडघा रोज थोडा थोडा आखडत होता. सकाळी तेल लावून ताणताना मला ते हाताला कळायचं.

मी यांच्यावर तोफ डागली. "सांगून टाका की. काय सोनं पुरलंय काय?"

"न्हाय सांगायचं."

"का?"

तेव्हा कुठं ते बोलले. त्या म्हाताऱ्यानं बजावलं होतं, जागा कुणाला दाखवायची नाही, आणि पोरीला तर नाहीच. जिवंत माणसाला आपली माती दिसली की जीव तिकडं ओढ घेतो. "एकच लेक, तीबी कशीबशी वाचलीया," हे म्हणाले, "ती पण घालवू व्हय?"

मला हसायला आलं आणि रडायलाही. एका बाजूला पोर म्हणते सांगितल्याशिवाय चालणार नाही. दुसऱ्या बाजूला बाप समजतो, सांगितलं तर ती जगणार नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि मी मधे, हातात तेलाची वाटी घेऊन.

त्यात यांचं एक नवंच सुरू झालं होतं. धार काढून झाली तरी घरी यायचे नाहीत. पूर्वी लेकीच्या मागोमाग यायचे. आता दूध दुसऱ्या कुणाच्या हाती बोगद्यातून पाठवायचे आणि स्वतः अंधार पडल्यावर, मिरजेकडून येणारी संध्याकाळची गाडी गेल्यावर उगवायचे. पोरीचा पाय नेला तीच गाडी. संध्याकाळी लेकीचा पाय जास्त ठणकायचा. नेमकं तेव्हा मला दोन हात कमी पडायचे, आणि ह्या माणसाला गोठा सुटत नव्हता. पोरीचं कण्हणं ऐकायला नको म्हणून तिकडं बसतात, असं मी धरून चालले. तोंडावर बोललेसुद्धा. हे खाली मान घालून भाकरी खात राहिले.

पावसाळा गेला. रुळापलीकडचा आमचा ऊस भरात आला. अपघात झाला त्या हंगामात तो तुकडा नुकताच तुटलेला होता आणि आम्ही दवाखान्यात असतानाच यांनी त्यात उसाची नवी लागण केली होती. त्यामुळं त्या रानात माझं जाणं झालंच नव्हतं. लेक दिवसभर गच्चीवर बसायची. बसूनच एकेक पायरी चढायची, कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. तिथून रूळ दिसतो, तारा दिसतात आणि पलीकडं नुसता ऊस. तिचा जुना कॅनव्हासचा बूट, उजवा, ती पायात घालून बसायची. डावा कुठं गेला ते मी तिला विचारलं नाही, तिनं मला विचारलं नाही.

हंगाम आला. टोळी आली आणि आमच्या रानाला कोयता लागला. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून हाक आली.

"आई! वर ये!"

मी धावत गेले. वाटलं, पडली. ती कठड्याला धरून एका पायावर उभी होती आणि रुळापलीकडं बोट दाखवत होती. ऊस तुटून रान मोकळं झालं होतं. सऱ्यांच्या सरळ रांगा आणि त्यात खोडक्यांचे ठिपके. आणि बरोबर मधे एका जागी रांगा तुटलेल्या. दाराएवढा एक तुकडा. त्यात ऊस कधी लावलाच नव्हता, नुसती हिरवी हरळी होती.

आमचे हे कसे शेतकरी आहेत ते सांगते. बांधावर चार बोटं जागा सुटली तर त्यात घेवडा टोचणारे. पाण्याच्या पाटाच्या कडेला अळू लावणारे. त्या माणसानं भर रानात जागा पडीक ठेवली होती आणि ऊस वर्षभर ती पदराखाली घालून उभा होता.

"तीच हाय," लेक म्हणाली.

हे संध्याकाळी उशिरा घरी आले, नेहमीसारखेच. लेक बाहेरच्या सोप्यात वाट बघत होती. म्हणाली, "पप्पा, मी बघितली जागा. सकाळीच बघितली. आता सांज झाली. अजून मेलो न्हाय."

हे दारात तसेच उभे राहिले. मग आत आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि लहान पोरासारखे रडले. मी यांना रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. लेकीनं त्यांच्या डोक्यावरची टोपी काढून बाजूला ठेवली. "चला म्हणू नका आत्ता," ती म्हणाली, "मी चालत येतो."

कपाटातला पाय बाहेर आला. पुढचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. कातडी सोलायची, फोड यायचे, आखडलेला गुडघा सरळ होताना ती उशी दातात धरायची. पट्टे आवळताना मी तिच्या शिव्या खाल्ल्या आणि तिला दिल्यासुद्धा. आधी भिंतीला धरून, मग काठी घेऊन, मग काठीशिवाय अंगणात. मध्येच म्हणायची, "हा पाय चालतोय आणि तो दुखतोय." दोन्ही खरं होतं.

आणि एका संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. हे पायवाटेकडं बघायलासुद्धा तयार नव्हते. बोगद्यानं गेलो, लांबच्या वाटेनं. बोगदा कोरडा होता. आत गेल्यावर डोक्यावरच्या काँक्रीटकडं लेकीनं मान वर करून बघितलं, हात टेकला, काही ऐकू येतंय का ते बघितलं. मग पुढं चालली. रानात सऱ्यांमुळं तिचं पाऊल अडखळायचं, पण तिनं आमचा हात धरला नाही.

त्या तुकड्याच्या कडेला ती उभी राहिली. हरळी दाट होती, आणि एका ठिकाणी दबलेली. तिथं कुणीतरी रोज बसत असावं इतकी. मी ते बघितलं, पण माझं लक्ष तिच्याकडं होतं.

मग म्हणाली, "पप्पा, बोटं कुणीकडं हायत?"

मला वाटलं हे कोसळणार. पण यांनी सरळ हात वर केला आणि रुळापलीकडं दाखवलं. आमच्या घराची गच्ची दिसत होती, तिच्यावर वाळत घातलेली माझी साडी. "घराकडं," हे म्हणाले. "वाट चुकू नये म्हणून."

लेकीनं त्या हाताच्या रेषेत बघितलं. पायाशी, मग रानावरून, मग गच्चीकडं. मग तिचा चेहरा बदलला.

"मधी रूळ हाय की, पप्पा."

"म्हायत हाय," हे म्हणाले. दबलेल्या हरळीवर ते जाऊन बसले आणि हात मातीवर ठेवला. "म्हणून तर रोज हितं त्येला धरून बसतोय. सांजची गाडी जाईस्तोवर."

लेक त्यांच्या शेजारी बसली, नवा पाय लांब करून. मीही बसले. मिरजेकडून गाडी यायची होती अजून. आम्ही तिघांनी कान दिला.